रेव्हरंड थॉमस बेझ : चरित्र व प्रमेय

थोर पुरुष म्हटला म्हणजे त्याच्या नांवानें रणांगणें गाजलेलीं असावींत, सभा भरलेल्या असाव्यात, निदान त्याच्या ग्रंथांची रास तरी आपल्यापुढें असावी, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु जगाच्या विचारावर कायमचा ठसा उमटविणारे कांहीं पुरुष असेही होऊन गेले कीं, त्यांनीं उभें आयुष्य आपलें नेमलेलें काम करण्यांत शांतपणें घालविलें, जें छापलें त्यावर स्वतःचें नांवही घातलें नाहीं, आणि ज्या लेखामुळें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांत सांपडला. रेव्हरंड थॉमस बेझ हे अशा पुरुषांपैकीं एक होत. वरच्या इयत्तांत संभाव्यतेचें प्रकरण शिकतांना त्यांच्या नांवाचें प्रमेय विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतें. पुष्कळांस तें पाठ होतें. समजतें मात्र थोड्यांस. प्रमेयाच्या मागचा माणूस ओळखीचा झाला तर प्रमेयाचेंही भय थोडें कमी होईल, ह्या उद्देशानें त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत दिलें आहे.

बेझ ह्यांचा जन्म १७०१ च्या सुमारास इंग्लंडांत झाला. त्यांचे वडील जोशुआ बेझ हे लंडन शहरांत धर्मोपदेशक होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चची शिस्त ज्यांस मान्य नव्हती अशा ख्रिस्ती लोकांचा एक निराळा वर्ग त्या काळीं तेथें होता. जोशुआ बेझ त्या वर्गांतील होते. राजमान्य चर्चच्या बाहेर राहिल्याबद्दल ह्या लोकांस पुष्कळ गोष्टींस मुकावें लागे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या मुलांस मिळत नसत. म्हणून थॉमस ह्यांस विद्येसाठीं दूर स्कॉटलंडांत एडिंबरो येथें जावें लागलें. १७१९ सालीं ते तेथील विद्यापीठांत दाखल झाले, आणि तर्कशास्त्र व ईश्वरविद्या ह्या विषयांचा त्यांनीं अभ्यास केला. शिक्षणासाठीं घर सोडून परगांवीं राहणाऱ्या आपल्याकडील मुलांस ही गोष्ट नवी वाटणार नाहीं.

विद्यापीठांतून परत आल्यावर कांहीं काळ त्यांनीं वडिलांच्या हाताखालीं धर्मसेवेचें काम केलें. पुढें १७३४ च्या सुमारास टनब्रिज वेल्स ह्या गांवीं, माउंट सायन नांवाच्या उपासनामंदिरांत त्यांची धर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली. टनब्रिज वेल्स हें लंडनच्या दक्षिणेस केंट परगण्यांत आहे. तेथें लोहयुक्त पाण्याचे झरे असल्यामुळें तें पाणी पिण्यासाठीं व हवापालट करण्यासाठीं दूरदूरचे लोक तेथें येऊन राहत. ह्या गांवीं बेझ ह्यांनीं आपलें उरलेलें सर्व आयुष्य काढलें. १७५२ पर्यंत त्यांनीं उपदेशकाचें काम केलें, आणि तें सोडल्यावरही ते तेथेंच राहिले.

त्यांच्या हयातींत दोन लहान ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला १७३१ चा. ईश्वराच्या सृष्टिरचनेमागें प्राणिमात्राचें कल्याण हाच हेतु आहे, असें त्यांत प्रतिपादिलेलें आहे. दुसरा १७३६ चा, आणि तो गणिताचा. न्यूटननें जें चलनकलनाचें नवें गणित निर्माण केलें होतें, त्याच्या पायावर बिशप बर्कली ह्यांनीं १७३४ सालीं कडक टीका केली होती. तिला उत्तर म्हणून बेझ ह्यांनीं हें पुस्तक लिहिलें व न्यूटनची बाजू शांतपणें, पायरी पायरीनें मांडली. दोन्ही पुस्तकें निनांवी छापलेलीं होतीं. तथापि जाणत्यांच्या नजरेंतून खरी विद्वत्ता सुटत नाहीं. १७४२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व दिलें.

टनब्रिज वेल्स येथील त्यांच्या वास्तव्यांतील एक आख्यायिका तेथील एका जुन्या वर्णनग्रंथांत दिलेली आहे. पूर्वेकडील हिंदी मुलुखांतून तीन प्रतिष्ठित गृहस्थ इंग्रजी विद्या शिकण्यासाठीं विलायतेस गेले होते. फिरत फिरत ते टनब्रिज वेल्स येथें आले व बेझ ह्यांच्या भेटीस गेले. बोलण्याच्या ओघांत बेझ ह्यांनीं त्यांस विलायतेंतील कडक हिंवाळ्याचें वर्णन सांगितलें. थंडीनें पाणी इतकें घट्ट होतें कीं तळ्यांवरून व नद्यांवरूनही गाड्या निर्धास्त जातात, हें ऐकून पाहुण्यांस तें पटेना. तेव्हां बेझ ह्यांनीं बर्फ सांठविण्याच्या कोठारांतून एक तुकडा आणविला, त्यांच्यापुढें ठेवला, आणि विस्तवाजवळ धरून तो वितळवूनही दाखविला. तरीही त्यांतील वडील गृहस्थांनीं मान हलविली. हें कोणा कारागिराचें कसब आहे, निसर्गाचें नव्हे, असाच त्यांनीं निकाल दिला.

ही गोष्ट वाचून त्या पाहुण्यांस हंसण्याचें कारण नाहीं. जन्मभर ज्यांनीं पाणी वाहतांनाच पाहिलें, त्यांच्यापुढें एक लहानसा तुकडा आला. जन्माचा अनुभव एका पारड्यांत व तो तुकडा दुसऱ्या पारड्यांत, असा तो तोल होता. एका तुकड्यानें तें पारडें फिरलें नाहीं, एवढेंच. त्यांच्याऐवजीं आपल्या भागांतील एखादा शेतकरी तेथें असता, तर चैत्रवैशाखांत वळवाच्या पावसाबरोबर पडणाऱ्या गारा त्यास आठवल्या असत्या, आणि त्याच तुकड्यानें त्याची खात्री लवकर पटली असती. पुरावा तोच, परंतु पुराव्यापूर्वीं मनांत काय होतें त्याप्रमाणें त्याचा परिणाम निरनिराळा. बेझ ह्यांच्या गणिताचें सार ह्या एका गोष्टींत आलें आहे.

आतां त्या गणिताकडे वळूं. बेझ ह्यांच्या काळापर्यंत संभाव्यतेचें शास्त्र बरेंच वाढलें होतें. १७१८ सालीं डी मॉइव्हर नांवाच्या गणितज्ञानें त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु त्यांतील बहुतेक प्रश्न एकाच दिशेनें जाणारे होते. पिशवींत सात तांबड्या व तीन पांढऱ्या गोट्या आहेत हें ठाऊक आहे. न पाहतां एक गोटी काढली तर ती तांबडी निघण्याची संभाव्यता किती? उत्तर, दहांपैकीं सात. येथें कारण माहीत आहे व परिणाम काढावयाचा आहे. बेझ ह्यांनीं प्रश्न उलटा विचारला. पिशवींत काय आहे तें ठाऊक नाहीं. हातीं आलेल्या गोट्या मात्र दिसत आहेत. त्यांवरून पिशवीविषयीं काय म्हणतां येईल? व्यवहारांत आपल्या वांट्यास नेहमीं हा दुसराच प्रश्न येतो. वैद्यास रोग दिसत नाहीं, लक्षणें दिसतात. न्यायाधीशास गुन्हा दिसत नाहीं, पुरावा दिसतो. शेतकऱ्यास उद्यांचा पाऊस दिसत नाहीं, आजचे ढग दिसतात.

हा प्रश्न सोडविण्यासाठीं बेझ ह्यांनीं एका समतल चौकोनी मेजाची कल्पना केली. त्यावर एक चेंडू टाकावा व तो जेथें थांबेल तेथून मेजावर एक सरळ रेघ कल्पावी. नंतर दुसरा चेंडू पुनः पुनः टाकावा आणि प्रत्येक वेळीं तो त्या रेघेच्या कोणत्या बाजूस थांबला एवढेंच टिपून ठेवावें. ज्यानें रेघ पाहिली नाहीं त्यानें केवळ ह्या टिपणावरून ती कोठें असावी हें सांगावयाचें. चेंडू बहुतेक वेळां उजवीकडे थांबला असेल तर रेघ डावीकडे असण्याचा संभव अधिक. टिपण जसजसें लांबेल तसतसा तर्क नेमका होत जाईल. हा तर्क किती नेमका होतो, हें बेझ ह्यांनीं गणितानें काढून दाखविलें.

ह्या सर्व विचाराच्या मुळाशीं जी कल्पना आहे तिला आपण सशर्त संभाव्यता म्हणतों. एक गोष्ट घडली आहे असें गृहीत धरलें असतां दुसरी घडण्याची जी संभाव्यता, ती सशर्त संभाव्यता. आपल्या माळेगांव बुद्रुकच्या मुलांस ही कल्पना पुस्तक न उघडतांही परिचयाची आहे. बारामती व इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्येष्ठ-आषाढांत पश्चिमेकडून ढगांच्या रांगा येतात, आकाश काळवंडतें, आणि सह्याद्रीवर आपला भार रिकामा करून आलेले ते ढग आपल्या शिवारावरून तसेच पुढें निघून जातात. नीरेच्या कालव्याचें पाणी नसतें तर येथें उंसाचे मळे उभे राहिले नसते, हें प्रत्येक घरांतील वडील माणसें सांगतील.

समजा, पावसाळ्यांतील तीस दिवसांचें एका मुलानें टिपण ठेवलें. तीसांपैकीं वीस दिवस आभाळ ढगाळ होतें. त्या वीसांपैकीं चार दिवस पाऊस पडला. निरभ्र दिवशीं अर्थातच एकदांही पडला नाहीं. आतां दोन प्रश्न विचारूं. ढग असतां पाऊस पडण्याची संभाव्यता किती? येथें आपण फक्त ढगाळ दिवस पाहावयाचे. ते वीस आहेत, त्यांत पावसाचे चार. म्हणून उत्तर एक पंचमांश. पाऊस पडत असतां ढग असण्याची संभाव्यता किती? येथें फक्त पावसाचे दिवस पाहावयाचे. ते चार आहेत, आणि चारही ढगाळ. म्हणून उत्तर एक, म्हणजे पूर्ण खात्री. शब्द तेच, पाऊस व ढग. परंतु त्यांची अदलाबदल होतांच एक पंचमांशाचें एक झालें. ढगांवांचून पाऊस नाहीं हें खरें, पण म्हणून ढग आले कीं पेरणी करावी असें कोणी शहाणा शेतकरी मानीत नाहीं.

गणितज्ञ हें पुढीलप्रमाणें लिहितात :

सं (पाऊस | ढग) = १/५

सं (ढग | पाऊस) = १

मधल्या उभ्या रेघेचा उच्चार, असतां, असा करावा. रेघेच्या उजवीकडे जें धरून चाललों आहों तें. डावीकडे ज्याविषयीं विचारीत आहों तें. म्हणून वाचतांना उजवीकडून आरंभ करावा : ढग असतां पावसाची संभाव्यता. पुष्कळ विद्यार्थ्यांस ही रेघ भागाकाराची खूण वाटते. ती तशी नाहीं. पावसाला ढगानें भागतां येत नाहीं. भागाकार आहे खरा, पण तो संख्यांचा आहे. पाऊस व ढग हीं दोन्ही मिळून असण्याची संभाव्यता तीसांत चार; ढग असण्याची तीसांत वीस; पहिलीला दुसरीनें भागलें कीं वीसांत चार, म्हणजे एक पंचमांश येतो. उभी रेघ आपणांस एवढेंच सांगते कीं, तीस दिवसांचें सगळें मैदान सोडून आतां वीस ढगाळ दिवसांच्या कुंपणांत आलों आहों, आणि मोजणी ह्या कुंपणाच्या आंतच करावयाची आहे.

बेझ ह्यांचें प्रमेय ह्यापुढें एकाच पावलावर आहे. पाऊस व ढग दोन्ही असलेले दिवस चारच आहेत. ते ढगाळ दिवसांच्या कुंपणांतून मोजले काय किंवा पावसाच्या दिवसांच्या कुंपणांतून मोजले काय, चारच राहणार. म्हणून ढगाची संभाव्यता गुणिलें ढग असतां पावसाची संभाव्यता, हा गुणाकार व पावसाची संभाव्यता गुणिलें पाऊस असतां ढगाची संभाव्यता, हा गुणाकार हे दोन्ही सारखेच आले पाहिजेत. एका बाजूचें माहीत असेल तर दुसऱ्या बाजूचें काढतां येतें. परिणामाकडून कारणाकडे जाण्याची वाट ती हीच.

ज्या माणसानें ही वाट शोधून काढली त्यानें मात्र तो लेख छापावयास पाठविला नाहीं. ७ एप्रिल १७६१ रोजीं बेझ ह्यांचा टनब्रिज वेल्स येथें अंत झाला. लंडन येथील बनहिल फील्ड्स ह्या स्मशानभूमींत, कुटुंबाच्या थडग्यांत, त्यांस पुरण्यांत आलें. त्यांचे एक स्नेही रिचर्ड प्राइस हेही धर्मोपदेशक व गणिताचे जाणकार होते. मृत्युपत्रांत बेझ ह्यांनीं त्यांच्यासाठीं कांहीं रक्कमही ठेवली होती. बेझ ह्यांचे कागद त्यांच्या हातीं आले. त्यांत संभाव्यतेवरील हा लेख त्यांस आढळला. दुसऱ्या कोणी तो बाजूला ठेवला असता. प्राइस ह्यांनीं त्याची किंमत ओळखली, श्रम घेऊन तो नीट केला, त्यास प्रस्तावना व पुरवणी जोडली, आणि १७६३ च्या नोव्हेंबरांत रॉयल सोसायटीचे सभासद जॉन कँटन ह्यांच्याकडे पत्रासह धाडला. २३ डिसेंबर १७६३ रोजीं तो सोसायटीपुढें वाचण्यांत आला व नंतर तिच्या नियतकालिकांत छापला गेला. मित्राचें काम स्वतःच्या नांवावर खपविण्याचा मोह प्राइस ह्यांस झाला नाहीं, म्हणूनच आज आपण ह्या प्रमेयास बेझ ह्यांचें नांव देतों. पुढें प्राइस ह्यांनीं आयुष्याच्या विम्याचें व वर्षासनाचें गणित पक्क्या पायावर आणण्यांतही मोठा भाग घेतला.

ह्यानंतर फ्रान्समध्यें लाप्लास नांवाच्या थोर गणितज्ञानें १७७४ सालीं स्वतंत्रपणें हाच विचार मांडला व पुढें तो खगोलशास्त्रापासून जन्ममृत्यूच्या आंकड्यांपर्यंत अनेक ठिकाणीं लागू केला.

येथें एक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. बेझ ह्यांच्या लेखांत ती उभी रेघ कोठेंही नाहीं. त्यांनीं सर्व कांहीं शब्दांत व भूमितीच्या आकृतींत सांगितलें. पहिली गोष्ट घडली आहे असें गृहीत धरल्यास, हे शब्द त्यांस प्रत्येक ठिकाणीं लिहावे लागले. खूण पुढें हळूहळू घडत गेली. अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांनीं १९२१ च्या आपल्या ग्रंथांत तिरपी रेघ वापरली. ती भागाकारासारखी दिसे. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह ह्यांनीं १९३३ सालीं शर्तीचें अक्षर खालीं बारीक लिहिलें. उभी रेघ वापरली ती हॅरल्ड जेफ्रीज ह्यांनीं, १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, शास्त्रीय अनुमानावरील आपल्या पुस्तकांत. पुढें तीच सर्वत्र रूढ झाली, व आज आपल्या पाठ्यपुस्तकांतही तीच छापलेली असते.

हे जेफ्रीज १८९१ सालीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील फॅटफील्ड ह्या खेड्यांत जन्मले. त्यांचे वडील त्याच खेड्यांतील शाळेचे मुख्य शिक्षक होते. खेड्यांतील शाळेंतून निघालेला हा मुलगा केंब्रिजला गेला, भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचा गाभा द्रवरूप असल्याचें त्यानें १९२६ सालीं दाखवून दिलें, आणि तेथील विद्यापीठांत खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. पृथ्वीच्या पोटांत कोणी उतरून पाहूं शकत नाहीं. वर पोंचणाऱ्या हादऱ्यांवरून आंत काय असेल तें ठरवावें लागतें. म्हणजे प्रश्न पुनः बेझ ह्यांचाच : परिणामावरून कारण. म्हणूनच जेफ्रीज ह्यांनीं बेझ ह्यांच्या विचाराचा कैवार घेतला, आणि तोही अशा काळीं कीं ज्या वेळीं रोनाल्ड फिशर ह्यांच्यासारखे मातबर संख्याशास्त्रज्ञ त्या विचारास विरोध करीत होते. जेफ्रीज ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, शर्तीवांचून संभाव्यता नाहींच. कांहींतरी माहिती हातीं धरूनच आपण संभव बोलतों. तेव्हां ती माहिती रेघेच्या उजवीकडे स्पष्ट लिहिली पाहिजे. १९३९ सालीं त्यांचा संभाव्यतेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ह्या जेफ्रीज ह्यांच्या हाताखालीं शिकावयास आपल्या महाराष्ट्रांतील एक तरुण गेला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. त्यांचें नांव वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांचा जन्म १९१९ सालीं कोल्हापुरांत झाला. सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ह्यांचे ते मामा. उभ्या रेघेची खूण ज्यांनीं प्रचारांत आणली, त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं हुजूरबाजार ह्यांनीं केंब्रिज येथें संशोधन केलें व १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. नंतर पुणें विद्यापीठांत १९५३ पासून १९७६ पर्यंत ते गणित व संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९६० सालीं केंब्रिज विद्यापीठाचें अॅडम्स पारितोषिक त्यांस मिळालें. १९७४ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. १९९१ सालीं ते निवर्तले. टनब्रिज वेल्समधील एका धर्मोपदेशकाच्या कागदांतून निघालेला विचार लंडन, पॅरिस व केंब्रिज करीत अशा रीतीनें आपल्याच पुणें जिल्ह्यांतील वर्गांच्या फळ्यावर येऊन पोंचला.

परंतु विचार फळ्यावर आला म्हणजे तो डोक्यांत उतरलाच असें नाहीं. रेघेच्या दोन बाजूंची अदलाबदल करण्याची चूक विद्वानांकडूनही घडते, आणि तिचे परिणाम कधीं कधीं फार गंभीर होतात. एक साधें उदाहरण घ्या. वर्गांत शाईची दौत सांडली. ज्यानें सांडली त्याच्या बोटांस शाई लागली असणार, हें बहुतेक निश्चित. तेवढ्यावरून, ज्याच्या बोटांस शाई दिसेल त्यास शिक्षा करावी काय? वर्गांतील चाळीसांपैकीं तीस मुलांचीं बोटें लिहितांना रोजच शाईनें माखतात. अपराधी असतां शाई लागण्याची संभाव्यता एक. शाई लागली असतां अपराधी असण्याची संभाव्यता तीसांत एक. हा भेद ज्यास कळला नाहीं त्याच्या हातून निरपराधी मुलास छडी बसेल.

दुसरें उदाहरण पालकांसाठीं. समजा, एक हजार माणसांची कोणत्याही लक्षणांचा विचार न करतां सरसकट तपासणी केली. त्यांपैकीं दहा जणांस एक विशिष्ट रोग आहे. तपासणी अशी कीं, दहा रोग्यांपैकीं नऊ जणांत ती होकार दाखविते. आणि उरलेल्या नऊशें नव्वद निरोगी माणसांपैकीं नव्याण्णव जणांतही, म्हणजे दहांत एकास, चुकून होकार दाखविते. आतां एका घरीं मुलाच्या नांवचा होकाराचा कागद आला. आई घाबरली. तपासणी दहांत नऊ वेळां रोग पकडते असें तिनें ऐकलें होतें. तेव्हां मुलास रोग असण्याचा संभवही दहांत नऊ, असें तिनें मानलें. परंतु मोजून पाहूं. होकाराचे कागद नऊ आणि नव्याण्णव मिळून एकशें आठ निघाले. त्यांत खरे रोगी नऊ. म्हणजे होकार आला असतां रोग असण्याची संभाव्यता बारांत एक. रोग असतां होकार ही दहांत नऊ. होकार असतां रोग ही बारांत एक. रेघेच्या दोन बाजू बदलल्या कीं एवढें अंतर पडतें.

म्हणून तपासणी व्यर्थ आहे असेंही समजूं नये. तपासणीपूर्वीं त्या मुलास रोग असण्याचा संभव शंभरांत एक होता. कागद आल्यावर तो बारांत एक झाला, म्हणजे आठ पटींहून अधिक वाढला. आतां दुसरी, अधिक बारकाईची तपासणी करणें युक्तच आहे. ती करतांना आपण शंभरांत एक येथून नव्हे, तर बारांत एक येथून निघूं. तसेंच मुलास ताप असेल, खोकला असेल, घरांत तो रोग दुसऱ्या कोणास झालेला असेल, तर रेघेच्या उजवीकडे तीही माहिती लिहावी लागेल, आणि मग संभव निराळा येईल. ह्याकरितां वैद्य प्रश्न विचारतो. ह्याकरितां त्याच्यापासून कांहीं लपवूं नये. भीति व निष्काळजीपणा ह्या दोहोंच्या मधून जाणारी जी शहाणपणाची वाट, ती बेझ ह्यांच्या प्रमेयानें दाखविलेली आहे.

आज ह्याच प्रमेयाच्या आधारानें वैद्यकांतील तपासण्यांचा अर्थ लाविला जातो, आणि समुद्रांत बेपत्ता झालेल्या जहाजांचा शोध कोठें घ्यावा हेंही ठरविलें जातें. बेझ ह्यांस ह्यांतील कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. त्यांचें खात्रीलायक असें चित्रही उपलब्ध नाहीं. पुस्तकांतून जें छापतात तें त्यांचेंच असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. बनहिल फील्ड्स येथील त्यांच्या कुटुंबाचें थडगें मात्र जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनीं वर्गणी जमवून १९६९ सालीं दुरुस्त करविलें, आणि तशी नोंद त्या दगडावर कोरलेली आहे. चेहरा गेला, विचार राहिला.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. काम खरें असेल तर तें लहान गांवीं, नांवाचा गाजावाजा न होतां, फुरसतीच्या वेळीं केलें तरी वायां जात नाहीं. आणि प्राइस ह्यांच्यासारखा प्रामाणिक स्नेही लाभला तर मृत्यूनंतरही तें जगापुढें येतें. ही पहिली गोष्ट झाली. दुसरी अभ्यासाची आहे. संभाव्यतेचें उदाहरण सोडवावयास बसाल तेव्हां सूत्र आठवण्याची घाई करूं नका. आधीं कागदावर उभी रेघ काढा. मला खरोखर काय ठाऊक आहे, असें स्वतःस विचारून तें उजवीकडे लिहा. मला काय काढावयाचें आहे, तें डावीकडे लिहा. मग त्या दोन बाजू चुकून उलट्या तर लिहिल्या नाहींत ना, हें एकदां पाहा. एवढें केलें कीं निम्में उदाहरण सुटलें असें समजावें. आणि शाळेबाहेर, कोणाविषयीं बरें-वाईट मत बनवितांना, बाजारांतील एखादी बातमी ऐकतांना, किंवा आभाळांत ढग पाहून पेरणीचा विचार करतांनाही हीच रीत उपयोगी पडेल. माहितीपेक्षां अधिक खात्री धरूं नये, आणि नवी माहिती आल्यावर जुन्या मतास चिकटून बसूं नये. एवढें ज्यास साधलें त्यास बेझ ह्यांचें प्रमेय कळलें असें खुशाल म्हणावें.